मरियेची घाई आणि आपला शेजार



31 मे रोजी ख्रिस्तसभा पवित्र मरियेने एलिझाबेथला दिलेल्या भेटीचा सण साजरा करते. रोझरीच्या आनंदाच्या रहस्यांतील हे दुसरे रहस्य आपण लहानपणापासून म्हणत आलो आहोत. पण संत लूकने आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात नोंदवलेल्या काही साध्या गोष्टींकडे आपले फारसे लक्ष जात नाही. एलिझाबेथने मरियेला निरोप पाठवला नव्हता. तिला सहावा महिना लागल्याचे मरियेला देवदूताकडून कळले आणि ती लगबगीने डोंगराळ प्रदेशात निघाली. एलिझाबेथचे वय झालेले, हे तिचे पहिलेच बाळंतपण. घरात पती जखऱ्या होता, पण त्याची वाचा गेलेली. मरिया तेथे सुमारे तीन महिने राहिली, म्हणजे पाहुणी म्हणून नव्हे, तर हाताखाली राबायला.

पूर्वी आणि आता

आपल्या वसईत एके काळी ही मदत आपोआप मिळत असे. पहिले बाळंतपण माहेरी होई आणि माहेर फार तर दोन-तीन गावे पलीकडे असे. आई, काकू, शेजारची अनुभवी बाई, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळाला न्हाऊमाखू घालणे, हे सारे कोणी न सांगता होत असे. आज आपल्याच धर्मग्रामातील अनेक तरुण जोडपी इमारतीत भाड्याच्या घरात राहतात. आई स्वतः नोकरीला जाते किंवा आजारी असते. पती पहाटेच्या लोकलने मुंबईला जातो आणि रात्री परततो. दिवसभर घरात बाळ आणि बाळंतीण, दोघेच.

रविवारी मिस्सानंतर चर्चच्या अंगणात एखादी तरुण आई बाळाला घेऊन येते. आपण सारे भोवती जमतो, बाळाचे गाल ओढतो, "बाळ कसं आहे, रात्री झोपतं का?" असे विचारतो. "तू कशी आहेस?" असे तिला विचारणारा क्वचितच कोणी असतो. आणि विचारले तरी ती "बरी आहे" एवढेच म्हणते.

मदतीच्या सोयी आहेत आणि त्यांपैकी पुष्कळ विनामूल्य आहेत. पण जिला त्यांची सर्वांत जास्त गरज आहे, तिच्यात त्या शोधत फिरण्याचे त्राण नसते. म्हणून ही माहिती प्रत्येक कुटुंबाला, विशेषतः आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना आणि समूहप्रमुखांना असली पाहिजे.

बाळंतपणापूर्वी

गर्भारपणाची नोंद पहिल्या 12 आठवड्यांतच आपल्या विभागातील आशा सेविका, परिचारिका किंवा जवळच्या आरोग्य केंद्राकडे करावी. तेथे माता व बाल संरक्षण कार्ड मिळते. तपासण्या, लसी आणि बाळाचे वजन या साऱ्याची नोंद त्यात होते. खासगी डॉक्टरकडे नाव घातलेल्या स्त्रीनेही ही नोंद करून ठेवावी, म्हणजे पुढच्या योजनांचा लाभ घेता येतो. किमान चार तपासण्या आवश्यक आहेत. 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी आरोग्य संस्थांत, चौथ्या महिन्यापासून पुढच्या गर्भवतींची डॉक्टरांकडून मोफत तपासणी केली जाते. ही तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवण्यासारखी आहे.

रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर व हातांवर सूज, ताप, अंगावरून पाणी जाणे किंवा बाळाची हालचाल कमी होणे, यांपैकी काहीही दिसल्यास "सकाळी बघू" म्हणू नये. 108 क्रमांकावर तातडीची रुग्णवाहिका मिळते. गर्भवती आणि तान्ह्या बाळासाठी 102 क्रमांकावर मोफत वाहनाची सोय आहे.

बाळंतपण आणि खर्च

खर्चाच्या भीतीने अनेक कुटुंबे कर्ज काढतात. 2011 साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात बाळंतपण, मग ते नैसर्गिक असो वा शस्त्रक्रियेने, पूर्णपणे मोफत आहे. औषधे, तपासण्या, लागल्यास रक्त, नैसर्गिक बाळंतपणात 3 दिवस व शस्त्रक्रियेनंतर 7 दिवसांपर्यंत जेवण, तसेच घरी परतण्याचे वाहन यांचा त्यात समावेश आहे. यासाठी पिवळे रेशनकार्ड लागत नाही. आजारी बाळाला एक वर्षापर्यंत असेच मोफत उपचार मिळतात.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी दोन हप्त्यांत 5,000 रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास 6,000 रुपये आईच्या बँक खात्यात जमा होतात. यासाठी उत्पन्नाच्या व इतर काही अटी आहेत. आपण त्यांत बसतो का, हे अंगणवाडी किंवा आशा सेविकेला विचारावे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी नोकरी करणाऱ्या स्त्रीला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत किमान 80 दिवस काम झालेले असावे लागते. लहान दुकानात वा कार्यालयात काम करणाऱ्या आपल्या मुलींना हा हक्क पुष्कळदा ठाऊकच नसतो.

घरी आल्यावर

रुग्णालयात बाळंतपण झाल्यावर आशा सेविकेने 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी अशा सहा वेळा घरी येऊन आई व बाळाला पाहावे, अशी व्यवस्था आहे. ती आली की "आमच्याकडे सगळं ठीक आहे" म्हणून दारातून परत पाठवू नका. बाळ दूध ओढत नसेल, अंग गार किंवा तापलेले असेल, श्वास जलद चालत असेल, तर डॉक्टरकडे नेण्यास वेळ लावू नये. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे. मध, गुटी, पाणी काहीही नको. दूध नीट येत नसेल तर लगेच डब्याच्या दुधाकडे न वळता परिचारिकेकडून बाळाला पाजण्याची पद्धत शिकून घ्यावी. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत झाली आहे ना, हेही पाहावे.

मनाचे दुखणे

बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत रडू येणे, चिडचिड होणे स्वाभाविक आहे. बहुधा दोन आठवड्यांत ते आपोआप थांबते. पण ते थांबले नाही, बाळ झोपले तरी आईला झोप येईना, बाळाबद्दल काहीच वाटेना, "मी वाईट आई आहे" असे ती म्हणू लागली, तर तो आजार आहे. तो तिचा दोष नव्हे आणि तिच्या श्रद्धेत काही उणे आहे असेही नव्हे. अशा वेळी "देवाने एवढे गोड बाळ दिले आणि रडतेस काय?" हे वाक्य तिच्या तोंडाला कुलूप लावते. या आजारावर उपचार आहेत आणि आई बरी होते. 14416 या टेलिमानस क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, मोफत समुपदेशन मिळते. मात्र स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर तिला क्षणभरही एकटे न सोडता डॉक्टरकडे न्यावे. नव्या बापालाही हे दुखणे जडू शकते. त्याचीही विचारपूस करावी.

ख्रिस्तसभा काय करू शकते?

ख्रिस्तसभेचा कायदा, कलम 867, आईवडिलांना सांगतो की बाळाच्या जन्मानंतर लवकरात लवकर, किंबहुना जन्मापूर्वीच, स्नानसंस्कारासाठी धर्मगुरूंना भेटावे. आपण ही भेट तारीख आणि हॉल ठरवण्यापुरती ठेवली आहे. खरे तर याच वेळी धर्मग्रामाला कळते की या घरी बाळ येणार आहे. फादरांना आपली अडचण मोकळेपणे सांगा. गर्भवतीसाठी आणि बाळंतिणीसाठी ख्रिस्तसभेचा खास आशीर्वादविधीही आहे, तो मागून घ्या. धर्ममाता आणि धर्मपिता यांनीही आपले काम सोन्याच्या साखळीने संपले असे समजू नये.

दोन घरांना विशेष जपले पाहिजे. पहिले, लग्नाआधीच दिवस गेलेल्या मुलीचे. आपल्या जिभेच्या भीतीने ती उपचारही घेत नाही. तिला बाळ वाढवणे शक्यच नसेल, तर बालकल्याण समितीमार्फत कायदेशीर मार्ग आहे आणि निर्णय बदलण्यासाठी तिला दोन महिने मिळतात. दुसरे, ज्यांचे बाळ पोटातच वा जन्मतःच गेले त्या घराचे. बाळाचा स्नानसंस्कार राहून गेला असला तरी महागुरुस्वामींच्या परवानगीने त्याचा ख्रिस्ती अंत्यविधी होऊ शकतो. त्या आईला "दुसरे होईल" असे सांगू नका. तिच्या शेजारी नुसते बसा.

समूहात चर्चेसाठी

1. आपल्या समूहात सध्या कोण गर्भवती आहे? सहा महिन्यांच्या आतील बाळ कोणत्या घरी आहे? त्या घरी आपण शेवटचे केव्हा गेलो?
2. आपल्या विभागातील आशा सेविकेचे नाव आणि फोन क्रमांक आपल्याला माहीत आहे का? नसल्यास या आठवड्यात तो कोण मिळवील?
3. चाळीस दिवस एका बाळंतिणीच्या घरी दुपारचा डबा पोहोचवायचा झाल्यास आपल्यातील किती घरे वार वाटून घेतील?

या आठवड्याचा संकल्प

एका घरी जाईन. जाताना बाळासाठी खेळणे नेण्याऐवजी गरम जेवण नेईन. आईला दोन तास झोपू देईन, तोवर बाळाला मी सांभाळीन. आणि निघताना "काही लागलं तर सांग" असे न म्हणता, "मी पुन्हा गुरुवारी येते" असे म्हणेन.

प्रार्थना

हे पवित्र मरिये, निरोपाची वाट न पाहता तू एलिझाबेथच्या घरी धावून गेलीस. आमच्या शेजारी कोण एकटी आहे हे पाहण्याची दृष्टी आणि तिच्या दारापर्यंत जाण्याची घाई आम्हांला तुझ्या पुत्राकडून मिळवून दे. आमेन.