मोटार विम्याचे नूतनीकरण आणि 'प्रलंबित' दावा

विम्याच्या तासाला क्षतिपूर्तीचे तत्त्व आपण सर्वांनी पाठ केले आहे : जेवढे नुकसान, तेवढीच भरपाई. परंतु भरपाई मागितल्यानंतर पुढील वर्षीच्या हप्त्याचे काय होते, हे मला पुस्तकातून नव्हे, तर काकांच्या मोटारीमुळे समजले.

खडेबाजारच्या गर्दीत काकांची गाडी एका मालवाहू रिक्षाला घासली. बंपर फुटला, रंग उडाला. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. काकांनी विमा कंपनीस कळविले, सर्व्हेअर पाहून गेला, गॅरेजवाल्याने ५,५०० रुपयांचा अंदाज दिला. 'एवढ्यासाठी कोण खेटे घालणार !' म्हणून काकांनी पुढची कागदपत्रे दिलीच नाहीत व दुरुस्ती पदरमोड करून केली. आठ महिन्यांनी नूतनीकरणाची नोटीस आली, तेव्हा पन्नास टक्क्यांचा 'नो क्लेम बोनस' नाहीसा झाला होता.

येथे थोडे मागे जावे लागेल. मोटार विम्याचे दोन भाग असतात. त्रयस्थ पक्षाचा विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ अन्वये सक्तीचा आहे. त्याचा हप्ता अधिसूचनेने ठरतो व त्यावर बोनस नसतो. दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. त्याचे दर २००७ पासून कंपन्या स्वतः ठरवितात. बोनस मिळतो तो केवळ याच भागावर : दाव्याविना सलग गेलेल्या वर्षांप्रमाणे २०, २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के. मात्र मोटार टॅरिफमधील नियमाची अट 'दावा केलेला नसावा' एवढीच नाही. दावा प्रलंबितही नसावा, असे तो म्हणतो. काकांनी दावा सोडून दिला होता, पण कंपनीच्या दफ्तरी तो उघडाच होता !

काकांनी भरपाई घेतली असती तर ? मी वहीत हिशेब मांडला. ३,००० रुपयांच्या प्लॅस्टिकच्या बंपरवर निम्मा घसारा, म्हणजे मिळणार १,५००. रंगकाम व मजुरी २,५००. ते सारे रंगकाम धरले तर एकचतुर्थांश रंगाच्या मालाचे आणि त्यावर पुन्हा निम्मा घसारा, म्हणून सुमारे २,१८८. यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीस लागणारी १,००० रुपयांची सक्तीची वजावट गेली, की हाती उरतात सुमारे २,६८८.

आता दुसरी बाजू. बोनसपूर्वीचा हप्ता ८,००० धरू. बोनस शून्यावर येऊन पायरीपायरीने पुन्हा पन्नासवर चढेपर्यंत जादा भरावे लागतील ४,०००, २,४००, २,०००, १,२०० आणि ४००. एकूण १०,००० रुपये. गाडीची विमा रक्कम दरवर्षी उतरत असल्याने प्रत्यक्षात हा आकडा काहीसा कमी भरेल, तरी २,६८८ च्या तुलनेत तो फार मोठा आहे. पुढचा सारा भाग चेपून रेडिएटर गेला असता, तर अर्थातच हिशेब उलटला असता व दावा करणेच शहाणपणाचे ठरले असते.

एका परिचितांनी सल्ला दिला, "कंपनी बदला आणि दावा नाही असे लिहून द्या." हा सल्ला घातक आहे. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे विचारणा करते, आणि निवेदन खोटे ठरल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे सर्व लाभ जप्त होतात. परम सद्भावाचे तत्त्व परीक्षेपुरते नसते, ते असे.

काकांचा स्वतःचा विचार होता, दाव्याचा निकाल लागेपर्यंत नूतनीकरण थांबवावे. मुदत संपल्यावर ९० दिवसांपर्यंत बोनसचा हक्क टिकतो हे खरे. परंतु त्या काळात गाडीला विमाच नसतो. चोर्ला घाटातून गोव्याला जाताना काही घडले तर त्रयस्थाची भरपाई स्वतःच्या खिशातून, शिवाय विनाविमा गाडी चालविल्याबद्दल पहिल्या गुन्ह्यास २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही.

शेवटी मुदत संपण्याच्या नऊ दिवस आधी आम्ही दावा मागे घेत असल्याचे पत्र लिहिले व त्याची पोच घेतली. मॅनेजर कन्नडिग होते; काकांचे मराठी आणि त्यांचे कन्नड यांच्यामधला दुभाषा मीच ! 'रक्कम न देता दावा बंद' असे लेखी उत्तर सहाव्या दिवशी आले आणि सुधारित नोटिशीत पन्नास टक्के पुन्हा दिसले. ते उत्तर काकांनी पॉलिसीला टाचून ठेवले आहे.