टाकीची चीर बुजवताना ऊन-थंडी बघा



मनमाड भागात पाण्याची किंमत कुणी कुणाला सांगायला नको. पाणी आलं की भरून ठेवायचं, म्हणून दारात सिमेंटची टाकी. तिला बारीक चीर पडली तर? एक मीटर लांब, एक मीटर रुंद टाकीत रात्रीतून एक सेंटिमीटर पाणी उतरलं, तरी १० लिटर गेलं! मग आपण गटातून कर्ज काढतो, गवंडी बोलावतो, चीर बुजवतो. आणि महिन्याभरात तिथंच पुन्हा ओल दिसते. दोष दरवेळी सिमेंटचा किंवा गवंड्याचा नसतो. बऱ्याचदा तो हवेचा असतो.

सिमेंट वाळून घट्ट होत नाही

सिमेंट आणि पाणी यांचा संयोग होऊन माल घट्ट होतो. त्याला पाणी लागतं आणि बेताची ऊब लागते. आपल्या देशात सिमेंटची ताकद २७ अंश तापमानाच्या आसपास तपासतात. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी गाठतो. तेव्हा माल झटपट आवळतो, पण पाणी उडून जातं. फार तापलेल्या तव्यावर भाकरी वरून करपते, आत कच्ची राहते, तसंच. सुरुवातीला कडक वाटतं, पण पुढे ताकद कमी भरते. शिवाय नवा माल आकसतो, जुनी भिंत आकसत नाही. म्हणून कडेनं फट पडते.

थंडीत उलटं. संयोग मंदावतो. वरून घट्ट दिसलं तरी आत कच्चं असतं. घाईनं टाकी भरली की माल सुटतो.

काय करायचं?

१. उन्हाळ्यात काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर काढा. वाळू, पाणी सावलीत ठेवा.

२. चिरेभोवतीचा पोपडा खरवडा, धूळ धुवा. जुना भाग आधी भिजवा, पण वर पाणी साचू देऊ नका.

३. अर्ध्या तासात संपेल एवढाच माल कालवा. घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी घालू नका.

४. माल आवळला की ओलं गोणपाट लावा, वरून प्लास्टिक झाका. पाणी कमी लागतं आणि ओल टिकते. गोणपाट वाळू देऊ नका.

५. काँक्रीटला साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस, कोरड्या-गरम हवेत किंवा राख मिसळलेल्या सिमेंटला किमान १० दिवस ओल ठेवायचा नियम आहे. डागडुजीलाही तोच हिशेब धरा. थंडीत आणखी चार दिवस थांबा, रात्री झाकून ठेवा.

टाकी रिकामी ठेवणं जड जातं, हे खरं. म्हणून पाण्याची पाळी बघून, आधी पिंपं भरून मगच काम काढा.

बैठकीत बोला : गावात कुणाची टाकी पुन्हा गळली? काम कोणत्या महिन्यात झालं होतं? किती दिवस पाणी मारलं? दुरुस्तीसाठी कर्ज देताना हे तीन प्रश्न आधी विचारा.