महागडं ग्राफिक्स कार्ड घ्यावं का? जपानमधल्या गेमरसाठी हिशेब

३० जानेवारी २०२५ रोजी एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९० विक्रीला आलं, तेव्हा अकिहाबारातल्या एका दुकानाच्या सोडतीला अशी झुंबड उडाली की काही जण शेजारच्या बालवाडीच्या आवारात शिरले. जपानमध्ये या कार्डाची जाहीर किंमत करासह ३,९३,८०० येनपासून सुरू होत होती. त्याच पिढीतल्या ५०७०ची १,०८,८०० येनपासून. मधल्या फरकात २०२५ मध्ये निन्तेन्दोचे जपानी आवृत्तीतले पाच स्विच २ येत होते. म्हणून निशी-कासाइहून तोझाई लाइन पकडून, कायाबाचोला गाडी बदलून अकिहाबारा गाठण्याआधी एवढं घरी तपासा.

१. आधी स्क्रीन बघा
विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिझोल्यूशन आणि हर्ट्झ पाहून घ्या. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रंच दाखवतो. कार्डाने १५० तयार केली तर बटणाला प्रतिसाद किंचित लवकर मिळेल, पण जास्तीची चित्रं डोळ्यांपर्यंत पोचत नाहीत. १०८० स्क्रीनला ५०६० टीआयच्या वर्गातलं कार्ड बहुधा पुरतं. १४४० आणि १४४ हर्ट्झ असेल तर ५०७० किंवा ५०७० टीआय बघा. ५०८० आणि त्यापुढचा विषय ४के स्क्रीन असेल तरच काढा.

२. खेळता काय, ते लिहून काढा
‘एल्डन रिंग’ पीसीवर ६० फ्रेमच्या पुढे जात नाही. ‘स्ट्रीट फायटर ६’मधली लढतही ६० फ्रेमवरच बांधलेली आहे. अशा गेमसाठी चार लाखांचं कार्ड म्हणजे पैसे पाण्यात. याउलट ‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’ चांगल्या कार्डालाही घाम फोडतो. त्याची मोफत बेंचमार्क चाचणी स्टीमवर मिळते. ती आजच्या कार्डावर चालवा आणि आकडा टिपून ठेवा.

३. घोडं कुठे अडलंय?
गेम चालू असताना रिझोल्यूशन १४४० वरून १०८० वर आणा. फ्रेम लक्षणीय वाढल्या तर अडचण कार्डाची. जवळपास तितक्याच राहिल्या तर संशय प्रोसेसरवर घ्या. नवं कार्ड टाकून तिथे फारसा फरक पडणार नाही. कार्डच कमी पडत असेल तर सावल्या आणि रे ट्रेसिंग एकेक पायरी उतरवा, डीएलएसएस किंवा एफएसआर चालू करा. एवढ्यावर भागलं तर एक वर्ष सहज निघतं.

४. वीज आणि खोली
जपानी घरात १०० व्होल्ट येतात आणि साधा सॉकेट १५ अँपिअरचा, म्हणजे १,५०० वॅटचा असतो. ५०९० एकटं ५७५ वॅटपर्यंत ओढतं, ५०७० चं प्रमाण २५० वॅट. घराचं कनेक्शन ३० अँपिअरचं असेल आणि पीसी, एसी, मायक्रोवेव्ह, राइस कुकर एकदम चालले तर ब्रेकर पडणारच. रोज तीन तास पूर्ण ताणावर खेळलात, तर या दोन कार्डांतला फरक महिन्याला सुमारे २९ युनिटचा; युनिटला ३१ येन धरले तर ९०० येन. बिलापेक्षा उष्णता जास्त छळते: सहा तातामीच्या खोलीत ऑगस्टमध्ये ते सगळे वॅट तुमच्याच अंगावर येतात. पॉवर सप्लायची क्षमता, कॅबिनेटमधली जागा आणि कार्डाची लांबी हेही मोजून घ्या. बऱ्याच भिंतींवर दोन पिनांचाच सॉकेट असतो. तिथे पीसीचा तीन पिनांचा प्लग अ‍ॅडॉप्टर लावून बसवावा लागतो. त्या अ‍ॅडॉप्टरमधून निघणारी हिरवी वायर अर्थिंगची असते, ती नुसती लोंबकळत ठेवू नका.

५. दुकानात
खोक्यावर मेमरी वाचा. ५०६० टीआय या एकाच नावाखाली ८ जीबी आणि १६ जीबी अशी दोन कार्डं मिळतात. शक्यतो १६ जीबीचं घ्या. किमतीत १० टक्के उपभोग कर धरलाय का, हेही बघा. काही पाट्यांवर करासह आणि कराशिवाय असे दोन्ही आकडे असतात. टॅक्स-फ्रीची सवलत पर्यटकांसाठी आहे, इथे राहणाऱ्या नोकरदाराला ती मिळत नाही. सेकंडहँड घ्यायचं तर तपासलेला, काही दिवसांची हमी असलेला माल घ्या. ‘जंक’ची चिठ्ठी असलेलं कार्ड चालेल याची हमी नसते आणि सहसा ते परतही घेत नाहीत. पावती जपा, वॉरंटीला ती लागते. एक-दोन वर्षांत पुण्या-मुंबईला परतायचा बेत असेल, तर भारतात वॉरंटी चालेल का, हे पैसे देण्याआधी विचारा.

६. जुनं कार्ड विका
जुना माल विकत घेणाऱ्या काउंटरवर रेसिडेन्स कार्ड न्या. मूळ खोकं आणि सोबतच्या केबल असतील तर भाव बरा मिळतो. दोन-तीन दुकानांत विचारा, पण घासाघीस चालेल अशी अपेक्षा ठेवू नका.

आता निर्णय
स्क्रीन जास्त फ्रेम दाखवू शकते, तुमचा गेम त्या मागतो आणि तिसऱ्या पायरीवर दोष कार्डाचाच निघाला, ही तिन्ही उत्तरं ‘हो’ असतील तर कार्ड घ्या, तेही स्क्रीनला पुरेल एवढंच. पहिलंच उत्तर ‘नाही’ असेल तर तो पैसा आधी मॉनिटरवर घाला. ५०९० त्यांनी बघावं, जे ४के वर खेळतात आणि व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडीच्या कामातून त्या कार्डाचे पैसे वसूलही करतात.