पाणी तोडू नकोस गं

अगं, परवा लग्नात तू सकाळपासून घोटभर पाणी घेतलं नाहीस. पंगतीत ताकाची वाटीसुद्धा बाजूला सारलीस. शिंक आली की थेंब, दाराला किल्ली लावता लावता घाई, मधूनच उन्हाळी लागल्यासारखी आग... हेच चाललंय ना? माझ्यापाशी कसली लाज?

पाणी तोडल्याने लघवी दाट होते आणि मूत्राशय आणखी चिडतं. मूळ कारण निराळंच आहे. मूत्रमार्ग, मूत्राशयाचा तळ, योनी या सगळ्यांना इस्ट्रोजेन लागतं. पाळी गेल्यावर ते आटतं, तिथलं अस्तर पातळ आणि कोरडं पडतं, मूत्रमार्ग पूर्वीसारखा घट्ट मिटत नाही. योनीतले लॅक्टोबॅसिलस हे राखणदार जंतू घटतात, आम्लता उतरते आणि आतड्यातल्या जंतूंचं फावतं. म्हणून तुला सारखं इन्फेक्शन होतं. तू अस्वच्छ राहतेस म्हणून नाही गं! उलट ते सुगंधी वॉश आधी बंद कर.

अंगातून वाफा येणं बहुतेकींचं हळूहळू कमी होतं, पण हा त्रास अंगावर काढला तर सहसा वाढतच जातो. स्त्रीरोगतज्ज्ञांना योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल स्पष्ट विचार. साधारणपणे पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा लावतात. रक्तात फारच थोडं उतरतं. वारंवार होणारं इन्फेक्शन त्याने खूप कमी होतं, हे १९९३ सालीच एका अभ्यासात दिसलं होतं. गोळ्यांचं मात्र उलटं: अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'च्या २००५च्या निष्कर्षांत हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांचं लघवी गळणं वाढलेलं आढळलं. तेव्हा कुणाची गोळी बघून आपण सुरू करायची नाही. स्तनाचा कर्करोग झालेल्या बाईने तर क्रीमसुद्धा तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. आणि लघवीत रक्त दिसलं तर एक दिवसही थांबायचं नाही.

शिंकताना गळतं त्याला व्यायामच हवा. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते आवळून पाच-सहा सेकंद धरायचे, मग सोडायचे. पण लघवीची धार मध्येच तोडून हा सराव करू नकोस. तीनेक महिने नेमाने कर, मग फरक कळेल.

तपासणीला मी येते सोबत. आईलाही घेऊन जाऊ. ती रात्री सारखी उठते, अंधारात धडपडली तर हाड मोडायचं. या वयातही उपचार सुरू करता येतात.