रात्री नऊनंतर मुलांनी घराबाहेर राहू नये काय?
(सार्वजनिक धोरणाचा एक पाठ)



'सार्वजनिक धोरण' हा शब्द पाठ्यपुस्तकात आला की आपल्या डोळ्यांपुढे दिल्ली उभी राहते, फार तर मुंबई. परंतु धोरण ही केवळ मंत्रालयात घडणारी गोष्ट नव्हे. ते आपल्या ग्रामपंचायतीच्या ओट्यावरही घडते. म्हणून या वर्षी हा विषय आपण एका कल्पित ठरावाच्या आधारे समजून घेऊ.

अशी कल्पना करा की जानेफळच्या ग्रामसभेपुढे पुढील ठराव आला आहे : 'अठरा वर्षांखालील मुलामुलींनी रात्री नऊनंतर घराबाहेर राहू नये; राहिल्यास पालकांस दंड करावा.' आपण हात वर करणार की नाही?

अमेरिकेत असे नियम जुने आहेत. नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहराने १८८० मध्ये असा नियम केल्याचे सांगितले जाते आणि पुढे शेकडो शहरांनी तो उचलला. आपल्याकडे केवळ मुलांसाठी संचारबंदी सहसा नसते. तरी वयावरून बंधन घालण्याचा अनुभव आपल्यालाही आहे. मे २०२० मध्ये करोनाच्या साथीत केंद्र सरकारने दहा वर्षांखालील मुलांनी आणि पासष्ट वर्षांवरील वृद्धांनी अत्यावश्यक कारणाखेरीज घरीच राहावे, असे सांगितले होते. त्याहून जवळचे उदाहरण यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी या गावचे. पुसद तालुक्यातील या गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाईल वापरावर बंदीचा ठराव केला. साथीच्या काळात शिक्षणासाठी मुलांच्या हाती आलेला मोबाईल शाळा उघडल्यावरही सुटेना, ही पालकांची तक्रार त्यामागे होती. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे वेगळा मार्ग निघाला. तेथे सायंकाळी सात वाजता भोंगा वाजतो, घरोघरचे दूरदर्शन संच व मोबाईल बंद होतात आणि दीड तासाने दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे-बोलावे, असे ठरले.

आता आपल्या कल्पित ठरावाला पाच प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न : नेमका उपद्रव कोणता? 'पोरे बिघडली' हे विधान धोरणाला पुरत नाही. रात्री चौकात भांडणे होतात काय? अपघात होतात काय? व्यसन वाढले आहे काय? प्रत्येकाचा उपाय निराळा असेल. व्यसनाचे मूळ दुकानात असेल, तर मुलाला घरात बसवून दुकान बंद होत नाही.

दुसरा प्रश्न : अधिकार कोणाचा? संविधानाच्या कलम १९ ने नागरिकांना देशभर मुक्तपणे फिरण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. त्यावर सार्वजनिक हितासाठी वाजवी बंधने घालता येतात, परंतु ती कायद्याने. दंगलीच्या वेळी जमावबंदीचा वा संचारबंदीचा आदेश दंडाधिकारी देतात, तो कायद्याच्या आधाराने. पूर्वी हा आधार फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ चा होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ चा आहे. ग्रामसभेचे महत्त्व मोठे आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून तिला संविधानात स्थान मिळाले. तरीपण ग्रामसभेचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. दंड बसवायचा तर तो अधिकार कोणत्या कायद्याने दिला, हे दाखवावे लागेल. ठरावाचे खरे बळ गावाच्या संमतीत असते.

तिसरा प्रश्न : भार कोणावर पडेल? शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच येते. हरभऱ्याला पाणी देण्यासाठी बापाबरोबर जाणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाने काय करावे? मेहकरहून शिकवणी संपवून उशिराच्या एस.टी.ने उतरणाऱ्या मुलीने काय करावे? ज्याच्या एका खोलीत सहा माणसे झोपतात, त्याने अभ्यासिकेतून कधी निघावे? हरिनाम सप्ताहाचे कीर्तन तर नऊलाच रंगात येते. याहून महत्त्वाचे असे की नियम मुलामुलींसाठी सारखा लिहिला, तरी घराघरांत तो सारखा पाळला जात नाही. मुलाला चार गोष्टी सुनावून सोडतात. मुलीचे मात्र शिक्षणच थांबू शकते. चौकातील उपद्रव ज्यांच्यामुळे होतो ते बाहेरच राहावेत आणि ज्यांना त्याचा त्रास होतो त्यांनी घरात बसावे, हा उलटा न्याय होय.

चौथा प्रश्न : अंमल कोण करणार? पोलिसांना दुसरी कामे आहेत. स्वयंसेवक नेमले तर त्यांच्या हाती काठी येईल, आणि ती प्रथम कोणत्या वस्तीतल्या मुलावर उठेल याचा विचार ठरावापूर्वीच केला पाहिजे.

पाचवा प्रश्न : परिणाम कसा मोजणार? अमेरिकेतील अशा नियमांवरील बारा अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. या नियमांमुळे मुलांचे गुन्हे कमी होतात किंवा मुले गुन्ह्यांना कमी बळी पडतात, असे त्यात आढळले नाही. चांगला हेतू आणि चांगला परिणाम या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा यातून घ्यावयाचा धडा.

मग गावाने काहीच करू नये काय? तसे नव्हे. बान्सी आणि वडगाव यांची तुलना करून पाहा. दोन्ही गावांची काळजी खरी आहे. परंतु एका ठिकाणी मोठ्यांनी मुलांसाठी नियम केला. दुसऱ्या ठिकाणी मोठ्यांनी तो स्वतःलाही लावून घेतला. बाप मोबाईल खाली ठेवतो तेव्हा मुलाला वेगळे सांगावे लागत नाही. जो नियम करणाऱ्यालाही बांधतो, तो टिकण्याचा संभव अधिक.

येथेच या पाठाचे मर्म आहे. ग्रामसभेत मत कोणाला? ज्याचे नाव मतदार यादीत आहे त्याला, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण झालेल्याला. ज्या मुलांवर हा नियम लागेल त्यांतील एकालाही हात वर करता येणार नाही. बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला. मुलांशी संबंधित बाबींत त्यांचे म्हणणे ऐकून घेतले जावे, असे तो सांगतो. मताधिकार नसला तरी म्हणणे मांडण्याची सोय करता येते. ठरावाआधी शाळेतील मुलांना विचारायला काय हरकत आहे?

प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी नुकतीच अठरा वर्षे ओलांडली आहेत. काल नियम तुमच्यासाठी होत होते, आज ते तुम्ही करणार आहात. महाराष्ट्रात वर्षाकाठी किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीसाठी पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. हजारोंच्या गावाचा निर्णय शंभर माणसांत होऊ शकतो! त्या शंभरांत तुम्ही असणार की नाही?

स्वाध्याय म्हणून एवढे करा. मतदार यादीत आपले नाव आहे की नाही ते पाहा. पुढच्या ग्रामसभेला जा, मागील सभेचे इतिवृत्त वाचले जाते ते ऐका आणि एका ठरावाला हे पाच प्रश्न लावून दोन पाने लिहा. आणि जाण्यापूर्वी घरातील धाकट्या भावाला किंवा बहिणीला विचारा, 'तुझे यावर काय म्हणणे आहे?' सभेत तिच्या वतीने बोलणारे तुमच्यावाचून दुसरे कोणी नसेल.