माशाच्या अंड्यातील पहिला प्रहर

चिकलठाणा परिसरात व त्याच्या आसपासच्या गावांत शेततळी झाल्यापासून मत्स्यपालनाकडे शेतकरी बंधूंचे लक्ष वळले आहे. रोहू, कटला व मृगळ हे मासे मूळचे गंगेच्या खोऱ्यातील. साचलेल्या तळ्यात ते आपण होऊन अंडी घालीत नाहीत. हिरालाल चौधरी यांनी 10 जुलै 1957 रोजी ओरिसातील अंगुल येथे पीयूषिका ग्रंथीच्या अर्काची टोचणी देऊन या जातीच्या माशांचे प्रजनन यशस्वी केले, तेव्हापासून नदीत बीज गोळा करीत फिरण्याची गरज उरली नाही. मात्र उबवणी केंद्रात लाखो अंडी मिळूनही मत्स्यजिरे मात्र थोडेच हाती येते, असा अनुभव पुष्कळदा येतो. त्याचे कारण अंड्याच्या आत पाहिल्यास उमगते.

ज्वारीचा दाणा पेरला असता कोंब काही दिवस दाण्यातील साठ्यावरच वाढतो, जमिनीतून अन्न घेणे मागाहून सुरू होते. माशाच्या अंड्यातही असाच प्रकार असतो. परंतु तेथे मादी केवळ अन्न ठेवून थांबत नाही, तर कामाचे हुकूमही लिहून ठेवते. जनुके म्हणजे पेशीकेंद्रातील मूळ दप्तर. त्यातून उतरवून घेतलेल्या नकला, म्हणजे संदेशरेणू, पेशीत जातात व त्यांवरून प्रथिने तयार होतात. गर्भाच्या प्रत्येक पेशीत संपूर्ण दप्तर असते. पण डोळ्याची पेशी एक पाने उघडते, स्नायूची पेशी दुसरी. कोणते पान केव्हा उघडावयाचे, यावरच सारा देह घडतो.

फलनानंतर पहिले काही तास गर्भाचे स्वतःचे दप्तर बहुतेक मिटलेलेच असते. झेब्रा मासा नावाच्या, आपल्या देशातील ओढ्यांत आढळणाऱ्या लहानशा पट्टेदार माशावर याचा फार बारकाईने अभ्यास झाला आहे. त्याची अंडी पारदर्शक असल्याने आतील घडामोडी सूक्ष्मदर्शकातून दिसतात. 28.5 अंश सेल्सियस तापमानात पाऊण तासाने पहिली पेशी दुभंगते व पुढे दर पंधरा मिनिटांनी पेशी दुप्पट होतात. सुमारे तीन तासांनी, म्हणजे एक प्रहर होताच, एक हजाराच्या आसपास पेशी झाल्यावर गर्भाची स्वतःची जनुके मोठ्या प्रमाणावर कामास लागतात आणि आईने दिलेले जुने हुकूम मोडीत काढले जातात. या माशाच्या जनुकसंचाचे वाचन 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात 26 हजारांहून अधिक प्रथिन-जनुके आढळली, आणि मानवाच्या सुमारे 70 टक्के जनुकांना त्यात जोडीदार सापडले.

रोहू-कटल्याचे वेळापत्रक थोडे निराळे असले तरी क्रम हाच आहे. यातून व्यवहाराच्या काही गोष्टी निघतात. आईचा साठा कमी, तर गर्भ प्रारंभीच दुबळा. म्हणून प्रजनक माशांना पावसाळ्यापूर्वी कित्येक आठवडे शेंगदाण्याची पेंड व कोंडा यांचा पुरेसा आहार दिला पाहिजे. टोचणीच्या आदल्या दिवशी केलेली खातीरदारी अंड्यापर्यंत पोहोचत नाही.

उष्णतेचा प्रश्न याहून नाजूक आहे. चिकलठाणा वेधशाळेत मे महिन्यात चाळीस अंशांपलीकडे तापमान नोंदले जाते, आणि पाऊस लांबल्यास जूनमध्येही पाणी तापलेलेच असते. मोठ्या पेशी उष्णता लागताच संरक्षक प्रथिने तयार करतात; पण पहिल्या प्रहरातील गर्भाची ती पाने अद्याप उघडलेली नसतात. त्यामुळे पुढे जो ताप त्याने सोसला असता तोच या वेळी घातक ठरतो. पाणी 27 ते 30 अंशांच्या दरम्यान ठेवावे, टाकीवर सावली करावी, प्रवाह सतत पण मंद ठेवावा आणि या काळात अंडी हलवू नयेत.

अंडी चांगली की वाईट हा निर्णय पहिल्या दोन तासांत करणे व्यर्थ होय. गर्भाची स्वतःची जनुके बिघडलेली असली तरी आईच्या हुकमांवर पेशी-विभाजन काही काळ चालूच राहते. खोट त्यानंतर उघडी पडते व अंडे पांढुरके होते. गर्भ अंड्यात वळवळू लागल्यावरच नमुना घेऊन मोजणी करावी. योग्य तापमानात 14 ते 18 तासांत पिल्ले बाहेर येतात, आणि पोटाखालील पिवळ्या बलकाच्या पिशवीवर सुमारे तीन दिवस राहतात. चौथ्या दिवशी त्यांना बाहेरचे अन्न लागते.