पाऊस शंभर इंच, मग विहीर कोरडी का?

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात शंभर इंचांच्या वर पाऊस पडतो. ऑगस्टमध्ये विहिरीचं पाणी वाकून कळशीने घेता येतं आणि एप्रिल संपता संपता तळाला चिखल उरतो. माझी बहीण सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी असते. तिकडे पाऊस आमच्या तिसऱ्या हिश्शानेही नाही, पण तिच्या विहिरीला मे महिन्यात पाणी. हा काय प्रकार आहे?
— एक वाचक, ता. लांजा

उत्तर : आधी हिशेब. शंभर इंच म्हणजे अडीच मीटर. एका गुंठ्यावर एवढा पाऊस म्हणजे अडीच लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरचे पंचवीस टँकर. तुमच्या परसाएवढ्या जागेवर चार महिन्यांत एवढं ओतलं जातं आणि मे महिन्यात तुम्ही एका टँकरसाठी फोन करत बसता.

गडबड होते ती विहिरीला टाकी समजल्यामुळे. विहीर म्हणजे जमिनीला पाडलेलं भोक. त्यात दिसतं ते आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी, आणि ते एका जागी उभं नसतं. उताराने हळूहळू पुढे सरकत असतं.

किती हळू, ते दगडावर ठरतं. जवळच्या एखाद्या चिरेखाणीत उतरून बघा. खाणीच्या भिंतीत जांभ्याची भोकं दिसतील, काही बोट जाईल एवढी. वर तांब्याभर पाणी ओतलंत तर क्षणात दिसेनासं होतं. खाण खोल गेली असेल तर जांभ्याखाली पांढरट-पिवळी, साबणासारखी गुळगुळीत चिकणमाती लागते. तिच्यातून पाणी सहज खाली जात नाही. मग ते तिच्या माथ्यावरून आडवं वाहत जातं आणि सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतं. जांभ्यात पाणी शिरतं लगबगीने आणि निघतंही तसंच.

तुमचा वहाळ डिसेंबरमध्येही वाहत असेल. पाऊस थांबून दोन महिने झालेले, मग ते पाणी कुठलं? तो सडाच रिता होत असतो. विहिरीची पातळी उतरते आणि वहाळ वाहतो, या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत. पुढे समुद्र फार लांब नाही.

पृथ्वीवरचं पाणी मोजताना शास्त्रज्ञ ‘किती’बरोबर ‘किती दिवस’ हेही विचारतात. हवेतल्या वाफेचा मुक्काम सरासरी नऊ-दहा दिवसांचा. समुद्रात गेलेलं पाणी सरासरी तीनेक हजार वर्षं तिथेच राहतं. बर्फ सोडलं तर जगातलं बहुतेक सगळं गोडं पाणी जमिनीखाली आहे. नद्या आणि तळी मिळूनही त्यापुढे किरकोळ. या भूजलातलं काही हजारो वर्षांचं जुनं असतं. तुमच्या सड्यावर मात्र त्याची वस्ती जेमतेम काही महिन्यांची.

आता बहिणीची विहीर. ती खरोखर नदीकाठी असेल, तर तिला दोन आधार आहेत. एक, काठचा गाळ. जांभ्याच्या सड्यासारखा तो भराभर रिकामा होत नाही. दुसरा आधार कोयना. सह्याद्रीवर पडलेला पाऊस धरणात अडवला जातो आणि त्यातलं काही पाणी उन्हाळ्यातही कोयनेतून, कऱ्हाडच्या संगमावरून, कृष्णेत उतरतं. म्हणजे बहीण सांगलीचा पाऊस पीत नाही, घाटमाथ्याचा पिते. (कोयनेचं बरंचसं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला उतरतं, वीज करतं आणि चिपळूणकडे वाशिष्ठीला जाऊन मिळतं. कोकणाच्या वाट्याला ते येतं खरं, पण समुद्राच्या वाटेवर असताना.)

बोअर मारावी का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. बोअर जांभा आणि माती ओलांडून काळ्या कातळात जाते. तिथे पाणी फक्त भेगांत असतं. भेग लागली तर लागली; शेजाऱ्याला लागली म्हणून तुम्हाला लागेलच असं नाही.

त्यापेक्षा वहाळावर मातीच्या पोत्यांचा वनराई बंधारा घालणं स्वस्त पडतं. अडलेलं पाणी दिसतं तेवढंच उपयोगाचं, असं लोकांना वाटतं. खरं काम काठात चालतं. वहाळाची पातळी तीन फूट चढली की काठच्या जमिनीतल्या पाण्याचा उतार कमी होतो, ते रेंगाळतं आणि जवळच्या विहिरी आणखी काही आठवडे तग धरतात. पोती पाऊस ओसरल्याबरोबर रचायला हवीत. जानेवारीत, वहाळाची धार करंगळीएवढी झाल्यावर, श्रमदानाचे फोटो छान येतात. अडवायला पाणी नसतं.

मात्र हा फायदा वहाळाकाठच्या विहिरींनाच. तुमची विहीर सड्याच्या कडेला, उंचावर असेल तर बंधाऱ्याचं पाणी तिथवर चढणार नाही. पत्रात ते लिहिलं नाहीत. दोरीला दर हातावर गाठ मारा, दिवाळीपासून दर रविवारी विहिरीत सोडून किती गाठी कोरड्या राहतात ते कॅलेंडरवर टिपा आणि होळीनंतर कळवा. पातळी वहाळाच्या जोडीने उतरते की त्याच्या आधीच, हे त्यावरून समजेल, आणि मग पुढचं बोलू.